सँडफ्लायमुळे होणारा त्वचेचा लेशमॅनियासिस: कशाच्या आधी काय करायचं

मी लॅबमध्ये स्लाइड बघायचं काम करतो. हे सगळं लिहायला बसलो कारण लोक बहुतेक गोष्टी बरोबर करतात पण क्रम चुकवतात. आधी चार प्रकारच्या ट्यूबा लावतात आणि मग टेस्टला येतात, आधी भिंतीवर औषध फवारून घेतात आणि मग त्यावर रंग मारतात, आधी उपचार सोडतात आणि मग जखम भरली का ते बघतात. परजीवी त्वचेत असतो, पण माझ्या स्लाइडवर नुसता पू, वाळलेलं रक्त आणि मलमाचा तेलकट थर येतो, रिपोर्ट निगेटिव्ह जातो आणि त्या माणसाचे पुढचे दोन-तीन महिने वाया जातात. हे टाळता येतं, म्हणून टप्प्याटप्प्याने लिहितोय.

दोन वाक्यांत आजार समजून घ्या. लेशमॅनिया नावाचा एकपेशीय परजीवी आहे, तो सँडफ्लाय म्हणजे वाळूमाशीच्या मादीच्या चाव्यातून त्वचेत येतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तिथे फोड येऊन त्याची जखम होते. जगात दरवर्षी साधारण ६ ते १० लाख लोकांना त्वचेचा हा प्रकार नव्याने होतो. अफगाणिस्तान, सीरिया, इराण, अल्जीरिया, ब्राझील, कोलंबिया हे मोठे पट्टे, आणि भारतात बिकानेर आणि हिमाचलमधलं सतलज खोरं. लस नाही, आधीच घेऊन ठेवायची गोळीही नाही, म्हणून चावा टाळणं आणि जखम लवकर ओळखणं एवढंच आपल्या हातात आहे.

टप्पा १: डोक्यातून आधी डास काढा

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. लोक साठलेलं पाणी शोधतात, टाक्या झाकतात, डबकी बुजवतात, आणि डासांसाठी ते ठीकच आहे पण वाळूमाशी पाण्यात अंडी घालतच नाही. तिला लागते ओलसर, सावलीतली, कुजका पालापाचोळा किंवा शेण मिसळलेली माती. गोठ्याचा कोपरा, जुन्या भिंतीच्या पायातल्या भेगा, उंदीर-घुशींची बिळं, पडक्या घरांचा मलबा, झाडाच्या ढोल्या, अशा जागा.

माशी २ ते ३ मिलिमीटरची, डासाच्या साधारण एक तृतीयांश. अंग केसाळ, रंग मळकट पिवळसर, पाठीला कुबड, आणि बसली की पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर उभे धरते. उडताना आवाज येत नाही, त्यामुळे "आमच्याकडे गुणगुण नाही म्हणजे माश्या नाहीत" हा हिशोब चुकतो. ती लांब उडत नाही, भिंतीवर टुणटुण उड्या मारल्यासारखी सरकते. चावते मुख्यतः संध्याकाळपासून पहाटेपर्यंत, पण दिवसा तिच्या लपायच्या जागेत जाऊन तिला उठवलंत, म्हणजे गोठा झाडायला गेलात किंवा मलबा उपसायला घेतलात, तर दिवसाही चावते.

माश्या आहेत का हे बघायचा सोपा मार्ग: पांढऱ्या कागदाला दोन्ही बाजूंनी एरंडेल तेल लावा आणि संध्याकाळी भिंतीच्या भेगेपाशी, पलंगाखाली, गोठ्यात असे तीन-चार कागद उभे करून ठेवा. सकाळी उजेडात भिंग घेऊन बघा. तेलात अडकलेली केसाळ, कुबड असलेली, तिळाहूनही लहान माशी दिसली की समजायचं. सर्वे करणारे लोकही हीच पद्धत वापरतात.

सावधान: कागदावर काही सापडलं नाही म्हणजे माश्या नाहीत असं नाही. दोन-तीन रात्री, जागा बदलून करा.

टप्पा २: घर आणि आवार, याच क्रमाने

१. आधी सफाई. शेण, पालापाचोळा, ओला कचरा, विटांचे ढिगारे घरापासून लांब न्या. दिवसाच करा, अंगभर कपडे घालून. माश्या फार लांब उडणाऱ्या नसतात, त्यामुळे घराला चिकटून असलेला ढीग हलवला तरी फरक पडतो.

२. मग भेगा. भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या भेगा, पायाजवळच्या फटी, जमिनीतली भोकं बुजवून घ्या, गिलावा करायचा असेल तर तो आत्ताच करा.

३. रंग किंवा चुना मारायचा असेल तर तोही आत्ताच.

४. आणि सगळ्यात शेवटी भिंतींवर फवारणी. औषध भिंतीवर पातळ थरात राहतं, माशी दिवसा तिथे विसावते आणि मरते, आणि हे काही महिने चालतं. पण फवारणी झाल्यावर भिंत धुतली, पुसली किंवा चुना मारला तर तो थर गेला. दर वेळी असं कोणीतरी करतंच, डाग दिसतात म्हणून, सण आला म्हणून, आणि मग म्हणतात की फवारणीचा उपयोग नाही. फवारणीवाले आले की झोपायच्या खोल्या आणि गोठा दोन्ही आतून करून घ्या, फक्त व्हरांडा करून पाठवू नका.

धुराच्या मशीनवर विसंबून राहू नका. धूर त्या क्षणी उडत असलेल्या किड्यांना मारतो, भेगेत बसलेली माशी संध्याकाळी परत बाहेर येते.

आता थोडं थांबून परजीवी कुठून येतो ते बघू, कारण त्यावर पुढचं ठरतं. काही भागात तो रानातल्या उंदरांमध्ये असतो, उदाहरणार्थ मध्य आशियात जर्बिल नावाच्या वाळवंटी उंदरांमध्ये, आणि माणूस मध्ये सापडतो एवढंच. अशा ठिकाणी बिळांजवळ झोपणं, तंबू टाकणं टाळायचं. काही भागात कुत्री साठा असतात, म्हणजे परजीवी त्यांच्या अंगात टिकून राहतो, तिथे कुत्र्याच्या गळ्यात डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाचा पट्टा घालतात. पण काबूलसारख्या दाट शहरात माणूसच साठा आहे, म्हणजे माशी एका माणसाच्या जखमेतून परजीवी उचलते आणि काही दिवसांनी दुसऱ्याला देते. अशा ठिकाणी जखम असलेला माणूस रात्री उघडा झोपला तर त्याच्याच घरातल्या पोरांना धोका. म्हणून मच्छरदाणी आधी पेशंटला द्या आणि जखम रात्री स्वच्छ पट्टीने झाकून ठेवा. घरात एकच मच्छरदाणी असेल तर लोक ती निरोगी लहान मुलांवर टाकतात आणि पेशंटला बाहेर झोपवतात. मला त्यामागची माया कळते, पण दोघांना आत घ्या, मोठी जाळी करा, पण पेशंटला बाहेर ठेवू नका.

हेही इथेच सांगतो, हा आजार शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, एकाच टॉवेलने पसरत नाही. चेहऱ्यावर व्रण असलेल्या मुलींना घरात वेगळं बसवलेलं मी ऐकलंय आणि त्याला काहीच आधार नाहीये.

टप्पा ३: जाळी मोजून घ्या

साध्या मच्छरदाणीची छिद्रं डासासाठी असतात, वाळूमाशी त्यातून आरामात आत येते. म्हणून अंदाजाने घेऊ नका. मोजपट्टी जाळीवर ठेवा आणि एका इंचात सरळ रेषेत किती छिद्रं येतात ते मोजा. १८ किंवा जास्त हवीत. डोळ्यांना त्रास होत असेल तर मोबाइलने जवळून फोटो काढून मोठा करून मोजा, पट्टी फोटोत ठेवून.

बारीक जाळी मिळत नसेल तर कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी घ्या, पायरेथ्रॉइड प्रकारचं औषध लावलेली, मग छिद्र थोडं मोठं असलं तरी माशी जाळीवर बसते आणि औषधाने मरते किंवा लांब राहते. दोन्ही असेल तर उत्तमच.

लावताना: अंधार पडायच्या आधी लावा, आतमध्ये टॉर्च मारून कोपरे बघा, कडा गादीखाली पूर्ण खोचा. जमिनीवर झोपत असाल तर कडा चटईखाली खोचाच, कारण ही माशी खालच्या उंचीवरच जास्त फिरते. याच कारणाने शक्य असेल तर वरच्या मजल्यावर झोपा.

बारीक जाळीत उकडतं, हे खरं आहे, आणि त्यामुळे मध्यरात्री लोक एक बाजू वर करून टाकतात आणि सगळी मेहनत पाण्यात. पंखा लावा. वाळूमाशी उडायला इतकी कमजोर आहे की पंख्याच्या वाऱ्यात तिला नीट येऊन बसता येत नाही, म्हणजे पंखा इथे गारव्यापेक्षा जास्त काम करतो.

तपासून बघा: सकाळी उठल्यावर जाळीच्या आतल्या बाजूला बारीक माश्या बसलेल्या दिसल्या तर छिद्रं मोठी आहेत किंवा कडा सुटलीय.

टप्पा ४: अंगावर काय आणि कधी

पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, मोजे, शर्ट आत खोचलेला. जिथे कपडा संपतो तिथे ती चावते, घोटा, मनगट, मान, चेहरा, कान.

उघड्या त्वचेवर रिपेलंट, म्हणजे माश्यांना लांब ठेवणारं औषध, लावा, डीट हा घटक २० ते ३० टक्के असलेलं चालतं. सनस्क्रीन लावत असाल तर आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर रिपेलंट. उलटं करू नका. लहान मुलांच्या हातांना लावू नका, ते तोंडात जातात, आणि दोन महिन्यांखालच्या बाळाला डीट नाहीच, बाळाला जाळीत ठेवा. पर्मेथ्रिन हे कपड्यांवर आणि जाळीवर मारायचं औषध आहे, त्वचेवर लावायचं नाही, आणि मारल्यावर पूर्ण वाळू द्या. घरात मांजर असेल तर ओलं असताना जवळ येऊ देऊ नका, मांजरांना ते विषारी आहे.

टप्पा ५: फोड ओळखा आणि नोंद ठेवा

चावा लक्षातही राहत नाही कारण मध्ये खूप दिवस जातात, कधी दोन आठवडे, कधी कित्येक महिने. आधी छोटीशी लालसर पुळी, मग गाठीसारखी घट्ट, मग वर खपली, आणि खपलीखाली जखम. ठरावीक रूप म्हणजे मध्ये खड्डा आणि भोवती उचललेली गोल कड, एखाद्या ज्वालामुखीच्या तोंडासारखी. काही जखमा ओल्या, काही कोरड्या आणि खपलीवाल्या. आसपास बारीक पुळ्याही येतात, जवळची, म्हणजे काखेतली किंवा जांघेतली, गाठ सुजते. आणि मुख्य म्हणजे बहुतेक वेळा दुखत नाही. न दुखल्यामुळेच लोक महिनोन्‌महिने दुर्लक्ष करतात.

जी पुळी तीन-चार आठवड्यांत बरी होत नाही, हळूहळू मोठी होतेय आणि दुखत नाही, आणि तुम्ही अशा भागात राहता किंवा गेल्या वर्ष-दोन वर्षांत जाऊन आलात, तिला साधी पुळी समजू नका.

त्या दिवसापासून नोंद ठेवा: जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून दर आठवड्याला एक फोटो, त्याच उजेडात, त्याच अंतरावरून. वहीत लिहा: पुळी कधी दिसली, त्याआधी कुठे कुठे राहिलात, बाहेर उघड्यावर झोपलात का, घरात अजून कोणाला आहे का, आत्तापर्यंत काय काय लावलं आणि कोणत्या गोळ्या घेतल्या, आधी काळा आजार (लेशमॅनियाचाच, पण प्लीहा-लिव्हरसारख्या आतल्या अवयवांचा प्रकार) झाला होता का. कुठे राहिलात हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण परजीवीची जात भागानुसार बदलते आणि उपचार जातीवर ठरतो. डॉक्टरने विचारलं नाही तरी स्वतःहून सांगा.

टप्पा ६: टेस्ट होईपर्यंत जखमेला हात लावू नका

हा टप्पा सगळ्यात जास्त चुकतो, म्हणून जरा सविस्तर.

स्टेरॉइडची ट्यूब नको. घरात कुठलीतरी "खाजेची ट्यूब" असतेच आणि ती बहुतेक वेळा स्टेरॉइडची असते. लालपणा उतरतो, वाटतं बरं होतंय, पण त्या जागची प्रतिकारशक्ती दबते, जखम पसरू शकते आणि तिचं रूप इतकं बदलतं की बघणाऱ्याला ओळखू येत नाही.

टूथपेस्ट, चुना, राख, बॅटरीतलं ॲसिड, झाडाचा चीक, यातलं काही नको. जळालेल्या त्वचेचा नमुना माझ्या काही कामाचा नसतो आणि राहणारा डाग मूळ आजारापेक्षा मोठा होतो. गरम चमचा किंवा काडीने डागणंही नको. "उष्णतेने किडा मरतो" हे लोकांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. उष्णतेचा उपचार खरंच आहे, पण त्यात मशीनने मोजून ५० अंश सेल्सिअस, ३० सेकंद, भूल देऊन करतात. चमच्याचं तापमान कोणी मोजत नाही.

अँटिबायोटिकचे कोर्स एकामागून एक नकोत. हा बॅक्टेरिया नाही, नेहमीच्या अँटिबायोटिकने जाणार नाही. एक अपवाद आहे, जखमेत वरून बॅक्टेरिया शिरून पू झाला असेल, भोवती गरम, लाल, दुखरं झालं असेल, तर डॉक्टर आधी त्यासाठी अँटिबायोटिक देतात आणि मग नमुना घेतात, आणि तो क्रम बरोबर आहे.

मग करायचं काय? साबण-पाण्याने हलकं धुवायचं, कोरडं करायचं, स्वच्छ पट्टी. खपली ओढायची नाही. बस.

टप्पा ७: नमुना कुठून घेतला जातोय ते बघा

नुसतं बघून हा आजार पक्का होत नाही, कारण त्वचेचा टीबी, कुष्ठरोग, बुरशीचे काही आजार, अगदी त्वचेचा कॅन्सरही असाच दिसू शकतो. टेस्ट लागतेच.

नीट घेतलेला नमुना असा असतो: एकापेक्षा जास्त जखमा असतील तर सगळ्यात नवीन जखम निवडतात, कारण जुन्या जखमेत परजीवी कमी होत जातात. खपली मऊ करून काढतात, सलाइनने स्वच्छ करतात, कोरडं करतात, भूल देतात. मग उचललेली कड दोन बोटांत घट्ट चिमटीत धरतात, म्हणजे रक्त मागे सरतं, आणि त्या पांढऱ्या पडलेल्या कडेवरून ब्लेडने खरवडून आलेला गर स्लाइडवर पातळ पसरतात. एक नाही, दोन-तीन स्लाइड. वाळल्यावर मिथेनॉलने पक्की करून गिम्सा रंग देतात.

मधल्या खड्ड्यातून कापसाने पुसून घेतलेला नमुना म्हणजे पू आणि मेलेल्या पेशी. एकदा एका माणसाच्या चार स्लाइड आल्या होत्या, चारही मधल्या, चारही रक्ताने भरलेल्या, आणि तो माणूस तीन तास प्रवास करून आला होता. परत बोलवावं लागलं. दुसऱ्या वेळी कडेवरून घेतलं आणि मायक्रोस्कोपच्या दुसऱ्याच फील्डमध्ये (एका वेळी दिसणाऱ्या गोलात) दिसलं: मोठ्या पेशीच्या पोटात बारीक लांबट गोल दाणे, प्रत्येक दाण्यात एक जाड जांभळा ठिपका आणि त्याच्या शेजारी एक बारीकशी काडी. ठिपका आणि काडी दोन्ही दिसली तरच पॉझिटिव्ह म्हणायचं, नुसता ठिपका दिसला तर ती घाणही असू शकते. म्हणून न लाजता विचारा, "कडेवरून घेताय ना?" यात कोणाचा अपमान नाही.

रक्ताच्या टेस्टसाठी हट्ट करू नका. काळ्या आजारासाठी ज्या रक्ताच्या अँटिबॉडी टेस्ट उपयोगी पडतात त्या त्वचेच्या प्रकारात भरवशाच्या नाहीत.

रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि जखम तशीच असेल तर तिथे थांबू नका. परत नमुना, बायोप्सी, किंवा पीसीआर (परजीवीचा डीएनए शोधणारी टेस्ट). पीसीआरचा मोठा फायदा म्हणजे परजीवीची जातही कळू शकते.

टप्पा ८: उपचार सुरू करायच्या आधीचे प्रश्न

सगळ्यांना एकच औषध नसतं. लहान, मोजक्याच जखमा असतील तर जागेवरचे उपचार असतात: जखमेतच अँटिमनीचं (त्या धातूपासून बनवलेल्या औषधाचं) इंजेक्शन, लिक्विड नायट्रोजनने गोठवणं, वर सांगितलेली उष्णता, पॅरोमोमायसिनचं मलम. जखमा जास्त किंवा मोठ्या असतील, चेहऱ्यावर किंवा सांध्यावर असतील, प्रतिकारशक्ती कमी असेल, किंवा ब्राझील, बोलिव्हिया, पेरूसारख्या भागातली नाकापर्यंत पोचू शकणारी जात असेल, तर पूर्ण शरीराचा उपचार देतात. काही जखमा आपोआपही भरतात, काही महिन्यांत किंवा वर्षभरात, पण वाट बघायची की नाही हे डॉक्टरने जात बघून ठरवायचं, आपण नाही.

अँटिमनीची पूर्ण शरीराची इंजेक्शनं साधारण २० दिवस चालतात आणि हृदयावर, लिव्हरवर, स्वादुपिंडावर परिणाम होऊ शकतो. ईसीजी आणि रक्त आधी तपासून घ्या आणि मध्ये मध्येही.

मिल्टेफोसिनच्या गोळ्या २८ दिवस. जेवणाबरोबर घ्या, उलटी-मळमळ होते.

सावधान: गरोदरपणात मिल्टेफोसिन चालत नाही, गर्भाला धोका आहे. बाईला सुरू करायच्या आधी गरोदरपणाची टेस्ट, आणि कोर्स चालू असताना व संपल्यावर ५ महिने गर्भनिरोधन लागतं. उलट्या होत असतील तर गर्भनिरोधक गोळीवर भरवसा ठेवू नका, दुसरा उपाय विचारा. हे संकोचाने राहून जातं, नवरा किंवा सासू बरोबर असते म्हणून, तेव्हा डॉक्टरशी एकटीने बोलायला मागा.

जखम सुकायला लागली म्हणून दहाव्या दिवशी गोळ्या बंद करू नका.

टप्पा ९: बरं झालं हे कधी म्हणायचं

कोर्सच्या शेवटच्या दिवशी जखम पूर्ण भरलेली नसते आणि त्याने घाबरून लोक दुसरीकडे जाऊन दुसरं औषध सुरू करतात. तुमचे मोजपट्टीवाले फोटो आता कामाला येतात. आधी कड सपाट व्हायला लागते. कोर्स संपल्यावर ४ ते ६ आठवड्यांत आकार निम्म्याहून कमी झालेला हवा आणि नवीन पुळी नको. साधारण ३ महिन्यांत वर पूर्ण त्वचा आलेली हवी. व्रण राहतो, तो आजार नव्हे. व्रणाच्या जागी ऊन लागू देऊ नका, डाग गडद होतो.

मग ६ ते १२ महिने लक्ष ठेवा, आणि बघायचं ते व्रणाच्या कडेला, कारण परत उठलं तर बहुधा तिथेच बारीक पुळ्या येतात. कड उचलली किंवा पुळ्या दिसल्या तर फोटो घेऊन त्याच डॉक्टरकडे जा.

दक्षिण अमेरिकेतली जात असेल तर दोन वर्षं तरी नाकाकडे लक्ष. सतत एकच नाकपुडी चोंदणं, घोळणा फुटणं, नाकात खपल्या, आवाज बसणं, हे जखम भरल्यावर कित्येक वर्षांनीही येऊ शकतं आणि तेव्हा पेशंट कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जातो पण पायावरच्या जुन्या व्रणाचं सांगत नाही. व्रण दाखवा, कधीची जखम ते सांगा.

आणि ज्यांना आधी काळा आजार झाला होता त्यांच्या अंगावर काही महिन्यांनी-वर्षांनी न दुखणारे फिकट चट्टे किंवा गाठी आल्या तर तो वेगळा प्रकार आहे, काळ्या आजारानंतरचा त्वचेचा, आणि त्याचा उपचारही वेगळा आणि लांबचा आहे. त्रास होत नाही म्हणून लोक तो अंगावर काढतात, पण त्या चट्ट्यांमधूनही माशी परजीवी उचलते, त्यामुळे त्यांनाही तपासणीला आणा आणि तोपर्यंत रात्री बारीक जाळीतच झोपवा.